आठवड्याला सहा जोड

पोस्टमन दारात दिसायच्या आधीच वहिनीला कळलं की तो आला. आधी उजवं पाऊल, मग जरा थांबून डावं, ते नुसतं टेकल्यासारखं. अपघातानंतर त्याचा डावा पाय दीड इंच आखूड झाला होता. आज त्याने काठी आणली नव्हती. नवे बूट घालून परत जायच्या तयारीनेच तो आला होता.

"आज गुरुवार," तो हसत म्हणाला. "दादांनी गुरुवार सांगितला होता."

वहिनीने मागच्या फळीकडे पाहिलं. दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी फर्मा आधी कोरला जायचा आणि त्यावर बूट चढायचा. वाकड्या पायांचे, सुजलेल्या पायांचे, तीन बोटांचे असे सगळे फर्मे त्या फळीवर ओळीने बसलेले होते. त्यात पोस्टमनचा नव्हता. लाकडाचा पायच नाही, तर बूट कुठून येणार?

अशा वेळी म्हणायचं वाक्य तिला पाठ होतं. 'चामडं यायचंय.' दोन वर्षांत ती ते इतक्यांदा म्हणाली होती, की या दुकानाचं चामडं बैल स्वतः चालत घेऊन येतो, असं लोकांना वाटत असेल.

"सोमवारी चाचणी आहे माझी," पोस्टमन सांगत होता. "साहेबांसमोर पूर्ण फेरी चालून दाखवायची. जमलं तर माझ्या गल्ल्या मला परत मिळतील. नाही तर कायमचं टेबलावर, पत्रं निवडत बसायचं. बावीस वर्षं चाललोय हो वहिनी. बसून माणूस करतो काय?"

वहिनीने तोंड उघडलं. पाठ वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं.

"तुमचे बूट झालेले नाहीत," ती म्हणाली. "सुरूच झालेले नाहीत."

आतल्या खोलीत कानस चालत होती, ती थांबली. तिचा नवरा, घरातला थोरला, हात पुसत बाहेर आला. त्याच्या अंगावर लाकडाचा भुसा होता आणि कानामागे पेन्सिल.

"अगं, काय बोलतेस! तसं नाही हो, फक्त चामडं..."

"चामडं चार महिने माळ्यावर पडलंय," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

पोस्टमन हळूच स्टुलावर बसला. थोरला त्याच्यासमोर उकिडवा झाला. "रविवारी देतो. शब्द देतो तुम्हाला."

"शब्द गुरुवारचाही होता, दादा." पोस्टमनने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो थकल्यासारखा म्हणाला, आणि उठून भिंतीचा आधार घेत रस्त्याला लागला.

तो कोपऱ्यावर दिसेनासा झाला तेव्हा धाकटी जिन्याखालच्या टेबलावरून उठली. थोरल्याची ही बहीण तीन महिन्यांपूर्वी दोन बॅगा घेऊन घरी परतली होती. कशासाठी आलीस आणि किती दिवस राहणार, हे अजून कुणी विचारलं नव्हतं. ती दारापाशी गेली, हात उंच केला आणि शटर खाली ओढलं. सकाळचे अकरा वाजले होते.

वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "शटर कुणी लावलं?" थोरल्याचे वडील आप्पा ओरडले. "काय झालं? कोण गेलं?"

कामाच्या दिवशी ते शटर याआधी एकदाच लागलं होतं, आई गेली तेव्हा.

*

थोरला कातरकामाच्या मोठ्या टेबलाशी उभा होता आणि त्याला बसायचं नव्हतं. बसलं म्हणजे पंचायत मान्य केल्यासारखं. आप्पा कठडा धरून, एकेक पायरी आडव्या पावलाने खाली आले होते आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत टेकले होते. टेबलाच्या त्या बाजूला त्याची बायको आणि बहीण होत्या. हे दोन पक्ष कधी पडले ते त्याला कळलंच नव्हतं.

"एक चूक झाली," तो म्हणाला. "माणूस आहे मी. बाकी सगळं माझ्या डोक्यात आहे."

"मग काढ बाहेर," धाकटी म्हणाली. "सगळं इथे टेबलावर ठेव."

"काय काढू?"

"कुणाला काय कबूल केलंयस ते."

त्याने रागारागाने ॲप्रनचे खिसे उलटे केले. चार चिठ्ठ्या निघाल्या. खणातून पाच. आरशाच्या चौकटीत खोचलेल्या तीन. गोंदाच्या डब्याखालची एक निम्मी चिकटून फाटली. एक तर चामड्याच्या तुकड्यावर खिळ्याने खरवडलेली होती आणि त्यावर फक्त 'बाईंचे, लवकर' एवढंच होतं.

"कुठल्या बाई?" वहिनीने विचारलं.

थोरल्याला आठवेना. तो त्या तुकड्याकडे बघत राहिला. दीड महिन्यापूर्वी त्याने हे लिहिलं तेव्हा त्या बाई, त्यांचा सुजलेला अंगठा, सगळं इतकं स्पष्ट होतं की नाव लिहायची गरजच वाटली नव्हती.

आणखी शोधाशोध झाली आणि पोस्टमनची धरून एकूण तेवीस निघाल्या.

"आठवड्याला किती जोड होतात आपले?" धाकटीने विचारलं.

"दहा. जोर लावला तर बारा."

"सहा. गेल्या आठ आठवड्यांत सत्तेचाळीस जोड दाराबाहेर गेले. मी मोजलेत. तेवढ्याच दिवसांत तू सत्तर जणांना तारीख दिलीस. उरलेले तेवीस हे बघ, समोर पडलेत."

"अगं, मग जोर लावला पाहिजे. मी आणखी लवकर उठेन."

"पाच वाजता तर उठतोस, दादा. आणखी लवकर म्हणजे आदल्या दिवशीच उठावं लागेल." हसू दाबत ती वहीचं पान उलटू लागली. "मंगळवारी सकाळी नऊ ते एक या वेळात तू बाकावरून एक्केचाळीस वेळा उठलास. फोनसाठी सोळा वेळा. दारात आलेल्यांशी बोलायला नऊ वेळा. दोरा, खिळे, कानस शोधायला सात वेळा. शेजारच्या शिंप्याचं मशीन का खडखडतंय ते बघायला दोनदा. राहिलेले सात वेळा का उठलास, ते तुलाही ठाऊक नव्हतं. नुसता उभा राहून परत बसलास."

थोरल्याचे कान तापले. "माझ्यावर पाळत ठेवलीस? माझ्याच दुकानात?"

"इस्पितळाच्या धोबीखान्यात चाळीस माणसांच्या कामाची आखणी मी सात वर्षं केली. चादर वेळेवर पोचली नाही तर तिथे शस्त्रक्रिया खोळंबते. मला दुसरं काही येत नाही, दादा. जे येतं ते केलं."

"इथे चादरी धुवायच्या नाहीत!"

"बरोबर बोलतोय तो," आप्पा म्हणाले आणि त्यांनी काठी आपटली. "कारागीर म्हणजे काय घड्याळ आहे, की किती वेळा हलला ते मोजायचं? मी चाळीस वर्षं हे दुकान चालवलं. भिंतीला एक कागद लावला नाही. कुणाला तारीख चुकवली नाही."

थोरल्याला धीर आला. त्याने बायकोकडे पाहिलं. ती तरी आता गप्प होईल असं त्याला वाटलं.

"मी खोटं बोलून दमले," वहिनी म्हणाली. "तुम्ही आत असता. तारीख तुम्ही देता आणि तोंड मी देते. बाजारात गेले की माणसं बघून मी रस्ता बदलते. दोन वर्षं झाली, अहो. मला आता साधी भाजी घ्यायलाही तीन गल्ल्या फिरून जावं लागतं."

तो खाली बसला.

*

आप्पा टेबलावरच्या चिठ्ठ्यांकडे बघत होते. त्यांना वाटलं होतं, एक टोला हाणला की विषय मिटेल. टोला बसलाही होता. पण मग त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पन्नाशीला आलेला हा मुलगा शाळेत गणित चुकल्यावर जसा बसायचा तसाच बसला होता, आणि चूक तर त्याने गिरवलेल्या धड्यातच होती.

"मी एक खोटं बोललो," ते म्हणाले.

तिघांनी वर पाहिलं.

"कुणाला तारीख चुकवली नाही, हे खरं. पण ते माझ्या डोक्यामुळे नाही. मला आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणता आलं नाही. समोर लंगडणारा माणूस उभा राहिला की मी 'उद्या या' म्हणून मोकळा व्हायचो. 'नाही' म्हणायची ती तुमची आई."

"आई?" धाकटी म्हणाली.

"मी 'उद्या या' म्हणायचो. ती त्या माणसाला दारापर्यंत सोडायला जायची आणि हळूच सांगायची, त्यांचं ऐकू नका, पुढच्या महिन्यात सात तारखेला या. मला हे ठाऊकच नव्हतं. मी आपला उद्याच्या घाईने काम करायचो आणि उद्या कुणी यायचंच नाही!" आप्पांना हसू आलं. "आणि सकाळी दुकानात चिटपाखरू फिरकायचं नाही. मला वाटायचं, लोक सकाळी बूट घेतच नाहीत. ती दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि आलेल्या प्रत्येकाला वाटेला लावायची. हे मला कधी कळलं? ती आजारी पडली तेव्हा. पहिल्याच सकाळी सहा जण आत शिरले."

"हे आम्हाला कधी सांगितलं नाहीत," थोरला म्हणाला.

"काय सांगू? 'आप्पांच्या डोक्यात सगळं असतं' असं सगळा बाजार म्हणायचा. ऐकायला बरं वाटायचं. तूही तेच ऐकत मोठा झालास. मी दुरुस्त केलं नाही." ते काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले. "तू माझ्यासारखा व्हायला बघत होतास, पोरा. पण मी तसा नव्हतोच."

बाहेर कुणीतरी शटरवर थाप मारली, वाट पाहिली आणि निघून गेलं. थोरला सवयीने उठायला गेला. धाकटीने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि तो परत बसला.

"बोल," तो तिला म्हणाला. "तुझी ती चादरींची अक्कल सांग."

*

धाकटीने बरेच दिवस मनात घोळवलेलं होतं, त्यामुळे ते झरझर बाहेर आलं. सकाळी नऊ ते एक दार बंद, फोन तिच्याकडे. त्या वेळात दादाने फक्त हातातलं काम करायचं. मापं, बूट घालून बघणं, गप्पा आणि शिंप्याचं मशीन हे सगळं दुपारनंतर. भिंतीवर एक फळा आणि आठवड्याला सहा घरं. सहावं घर भरलं की पुढची तारीख पुढच्या आठवड्याची, मग गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. रोज बंद करताना उद्याचं पहिलं काम कोणतं ते ठरवून त्याचं सामान बाकावर काढून ठेवायचं, म्हणजे सकाळ शोधाशोधीत जायची नाही.

"आणि शुक्रवारी दुपारी आपण चौघांनी अर्धा तास बसायचं," ती म्हणाली. "काय झालं, काय राहिलं, का राहिलं ते बघायचं. आरडाओरड न करता."

"शेवटचं कठीण आहे," आप्पा म्हणाले.

"आणखी कठीण एक आहे." ती भावाकडे वळली. "शिलाई चपलांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एखाद्या बाईकडे देता येते. तळ मी चिकटवू शकते, शिकलेय. पण फर्मा फक्त तू कोरतोस. एका पायाला अर्धा दिवस. सगळं दुकान तुझ्या दोन हातांपाशी येऊन तुंबतं. हे घड्याळाने सुटणार नाही. तुला कुणाला तरी शिकवावं लागेल."

ही गोष्ट आधीही एकदा निघाली होती आणि तेव्हा थोरला दोन दिवस जेवला नव्हता.

"ठीक आहे," तो खाली बघत म्हणाला. "ये उद्यापासून. तुला शिकवतो."

"मला नको रे. मला पोळपाटावर गोल लाटता येत नाही, मी पाय काय कोरणार?"

"मग कुणाला?"

"मला," वहिनी म्हणाली.

थोरला हसला. हसू वाईट नव्हतं, नुसतं आश्चर्याचं होतं, पण वहिनीचा चेहरा बदलला नाही. ते पाहून त्याचं हसू ओसरलं.

"अगं, वीस वर्षं तू काउंटर सांभाळतेस. हे लाकूड आहे. हाताला घट्टे पडतात."

"वीस वर्षं मी माणसं आत येताना बघते," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना बसवून मोजता. मी त्यांना चालताना बघते."

"पोस्टमनचं सांग बरं," आप्पा म्हणाले. ते खुर्चीत पुढे सरकले होते.

वहिनीने डोळे मिटले. "डावा आखूड. पण तो टाचेवर भार टाकतच नाही. दुखायची सवय लागलीय म्हणून पुढच्या बोटांवर तोलतो, तेही बाहेरच्या कडेला. नुसती टाच दीड इंच उचलली तर त्याचा घोटा मुडपेल. उंची टाचेपासून पुढे उतरती द्यायला हवी आणि बाहेरून आधाराला भिंत." तिने डोळे उघडले. "आणि उजवी करंगळी त्याची वर चढलेली आहे. जुन्या बुटाला तिथे भोक पडलंय."

थोरल्याने चिठ्ठ्यांतून पोस्टमनच्या मापाची चिठ्ठी शोधली. तिच्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: डावी टाच दीड इंच. बास. त्या दिवशी माप घेताना तीनदा फोन वाजला होता, हे त्याला आठवलं. त्याने ती दोनदा वाचली आणि मग बायकोसमोर सरकवली.

"हे मी असंच केलं असतं," तो म्हणाला. "आणि सोमवारी तो रस्त्यात पडला असता."

त्याने उठून भिंतीवरची जुनी कानस काढली आणि टेबलावर तिच्यापुढे ठेवली.

*

त्या दुपारपासून रविवारपर्यंत दुकान बंद राहिलं. थोरल्याने डावा फर्मा घेतला, वहिनीला सोपा म्हणून उजवा दिला. तिचा पहिला ठोकळा शुक्रवारी सकाळी वाया गेला. टाच इतकी निमुळती झाली की आप्पा म्हणाले, हा पाय माणसाचा नाही, हरणाचा आहे. दुसऱ्या ठोकळ्याला थोरल्याचा हात तीनदा पुढे आला.

"हात मागे," आप्पांनी बजावलं. "तुझा पहिला मी सरपणात टाकला होता. तुझा पाचवाही. तिला तिचे टाकू दे."

थोरल्याने दोन्ही हात मांडीखाली दाबले. आपलं काम सोडून दुसऱ्याचं बिघडताना बघत बसणं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच करावं लागत होतं, आणि पहाटे उठण्याहून ते अवघड होतं. पण थोड्या वेळाने तो बघायचंही विसरला. स्वतःच्या फर्म्यात तो इतका बुडाला, की बारा कधी वाजले ते त्याला कळलं नाही. सकाळभर त्याला एकदाही उठावं लागलं नव्हतं. डावा पाय अर्ध्या दिवसाऐवजी तीन तासांत उतरला होता.

वरचं चामडं आप्पांनी शिवलं. सुईत दोरा त्यांना ओवता येत नव्हता म्हणून धाकटीने वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवल्या. त्यांचा टाका मात्र अजून मुंगीच्या पावलाएवढा होता.

शनिवारी दुपारी धाकटीने फोन थोरल्याच्या हातात दिला. बाकीच्या बावीस जणांना खरी तारीख सांगायची होती आणि ते त्यानेच करायचं, असं तिने ठरवलं होतं.

"तू कर ना," तो म्हणाला. "तुला जमतं."

"शब्द तू दिलास."

पहिल्याने त्याची आई-बहीण काढली. दुसऱ्याने काम काढून घेतलं. तिसरा नंबर त्याने हळूहळू दाबला. पलीकडे एक म्हाताऱ्या शिक्षिका होत्या; त्यांच्या नावाची चिठ्ठी नव्हती, पण त्या सतत फोन करायच्या. तो चाचरत म्हणाला, "तुमचे बूट पुढच्या आठवड्यात नाहीत होणार. चार आठवड्यांनी, बुधवारी होतील."

"नक्की बुधवारी?"

"नक्की."

"मग मी बहिणीकडे जाऊन येते. कधीपासून जायचंय, पण तुम्ही 'उद्या, उद्या' म्हणता म्हणून घर सोडवत नव्हतं." आणि मग त्यांनी विचारलं, "तुमचा आवाज असा का येतोय? बरं नाही का?"

"बरं आहे," थोरला म्हणाला. "आता बरं आहे."

चामड्याच्या तुकड्यावरच्या 'बाई' याच होत्या, हे त्याला फोन ठेवल्यावर त्यांचा सुजलेला अंगठा आठवून कळलं. त्याने लगेच फळ्यावर त्यांचं पूर्ण नाव लिहिलं.

*

रविवारी सकाळी पोस्टमन काठी घेऊन आला. मागच्या वेळचा धडा त्याला पुरला होता. त्याने बूट घातले, नाड्या बांधल्या, दुकानात चार पावलं टाकली. मग बाहेर पडला.

तो कोपऱ्यापर्यंत गेला. वळला नाही. पुढे निघून गेला.

"कुठे गेला हा?" आप्पांनी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. चौघं दारात उभी राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. थोरला नखं खाऊ लागला. घोटा मुडपला असेल, कुठेतरी बसला असेल, असं त्याच्या तोंडून निघून गेलं. वहिनीची बोटं पट्ट्यांनी बांधलेली होती आणि ती एका हाताने दुसरा घट्ट धरून उभी होती.

पाऊण तासाने तो उलट्या बाजूने आला, घामाने निथळत. आपली सगळी फेरी तो चालून आला होता, गल्ल्या, जिने, चढ, सगळं. दाराशी येऊन त्याने आधी पाणी मागितलं.

"डावा पाय?" थोरल्याने विचारलं.

"डावा पाय आहे हे विसरलो होतो," पोस्टमन म्हणाला. "फक्त उजव्याची करंगळी जरा घासतेय. एवढीशी."

उजवा. थोरल्याच्या तोंडात शब्द आले, 'मी करतो.' त्याने बायकोकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

वहिनी पुढे झाली, खाली बसली, बूट त्याच्या पायातून काढला आणि आत बोट फिरवलं. "हं. इथे मी लाकूड जास्त खाल्लं," ती म्हणाली. "दहा मिनिटं बसा. फर्म्यावर तिथे चामड्याची चकती लावून बूट ताणते." ती आत गेली आणि बाकावर बसली. थोड्याच वेळात आतून कानस चालू लागली, अजून अडखळत, पण न थांबता.

पोस्टमन स्टुलावर पाणी पीत बसला. थोरल्याने दुसरं स्टूल ओढलं आणि हातात काहीच न घेता त्याच्याशेजारी बसला.